डब्यातली दाढी

माझी आई भाव करताना दाढी कुरवाळते. थट्टा नाही करत. टोमॅटोच्या पेट्या पुढ्यात असतात, गिऱ्हाईक काहीतरी पडेल किंमत बोलतं, आणि आई उत्तरच देत नाही. डोळे बारीक करते आणि हनुवटीखालचे लांब केस दोन बोटांत धरून हळूहळू ओढत बसते. गिऱ्हाईकाला घाम फुटतो आणि ते आपणहून वर चढतं. आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे, जिला दाढी तिच्या दारी पैसा. आईच्या बाबतीत ते खरंही झालं. आमच्या तुओबोडोम गावात तिचं पत्र्याचं मोठं घर कोणालाही विचारा, बोट दाखवतील.

तीच दाढी सोळाव्या वर्षी माझ्या हनुवटीवर आली, तेव्हा शाळेतल्या मुलींनी मला 'पाद्रीबाबा' म्हणायला सुरुवात केली. पैसा काही आला नाही. मी घरी येऊन बापाचं ब्लेड चोरलं. आईने ते पाहिलं आणि अशी ओरडली, की मी जणू घराचे पत्रेच उतरवून विकायला काढले होते.

"कार्टे, दैव भादरतेस?"

"तुझं दैव तुझ्याकडे ठेव," मी म्हटलं. "मला माणसांत बसायचंय."

कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण ज्याने केली त्याने बहुतेक माझी हनुवटी पाहिली असावी. पुढे टेचिमनच्या बाजारात कोनफळं विकायला लागले, तिथेच एका वाड्यात खोली घेतली, आणि रोज पहाटे बाकीचे भाडेकरू उठायच्या आत मी बादली घेऊन न्हाणीत जायचे. आरशाचा तुकडा भिंतीच्या फटीत खोचायचा, साबण लावायचा, ब्लेड फिरवायचं, मग शियाच्या बियांचं तूप आणि वरून पावडर. उकाड्यात मानेला, गळ्याला पावडर सगळ्याच बायका थापतात, त्यामुळे त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. पण आमचे केस कुरळे. कापलेला केस वळून परत कातडीतच घुसतो आणि तिथे फोड येतो. कोणी विचारलं तर मी डासांवर ढकलायचे. फक्त हनुवटीला चावणारे डास साऱ्या टेचिमनमध्ये एकट्या माझ्या खोलीत होते.

दुपार कलली की हनुवटी माझं ऐकेनाशी व्हायची. मग मी कोनफळांच्या ढिगापाशी बसून तिच्यावर तळहात ठेवायचे. त्यावरून बाजारात माझी ख्याती झाली की फ्रेमा फार विचारी बाई आहे. बायका आपली भांडणं माझ्याकडे आणायला लागल्या. मी हात हनुवटीवर ठेवून "हं" म्हणायचे, आणि त्या म्हणायच्या, बघा, हिने किती खोल विचार केला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी तर झाकली हनुवटी होती.

राहता राहिले कापलेले केस. केस आणि नखं उघड्यावर टाकू नयेत हे शहाण्या घरात शिकवावं लागत नाही. भलत्याच्या हाती पडले तर तो त्यांच्यावर करणी करून तुम्हाला आजारी पाडेल, वेडं करेल, नाहीतर कंगाल तरी करेल. म्हणून मी ते कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, दुधाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचे. डबा ट्रंकेमागे. बाजाराचा मोठा दिवस उरकला की कोनफळांखालचं वाळलेलं गवत जाळतात, त्यात मी गुपचूप त्या पुड्या टाकायचे. वास यायचा. कोणीतरी कोंबडी भाजतंय असं लोक समजायचे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मी लग्न केलं.

क्वाबेना द्वोमो टेचिमन ते कुमासी व्हॅन चालवतो. माझी कोनफळं त्याच्याच व्हॅनवर जायची. एके दिवशी त्याने एका जाडजूड पोलिसाला मागे बसवलं आणि पुढची सीट मला दिली. ड्रायव्हरने पुढची सीट दिली म्हणजे काय ते स्टँडवरच्या पोरासोरांनाही कळतं. व्हॅनच्या पाठीवर त्याने लाल अक्षरांत 'सबुरी' असं रंगवून घेतलं होतं. मला तो आवडला. गाडी जपून चालवायचा, शिव्या कमी द्यायचा आणि हसला की त्याचे खांदेही हसायचे.

लग्न ठरवायच्या आधी मी त्याला आईकडे नेलं. आईने त्याच्याशी बोलताना दाढी कुरवाळली. परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "तुझी आई जबरदस्त बाई आहे. दाढी शोभते तिला. पण देवाची कृपा, तू बापावर गेलीस."

मी खिडकीबाहेर बघितलं. "आणि आईवर गेले असते तर?"

"तर तुला सलाम ठोकला असता, भाडं घेतलं असतं आणि उतरवलं असतं."

तो हसला. त्याचे खांदेही हसले. मी त्या दिवसापासून ब्लेड दोनदा फिरवायला लागले. त्याला कळलं तर तो मला उतरवणार, हे माझ्या मनात खिळ्यासारखं बसलं.

त्याची स्वतःची गोष्ट वेगळी होती. भिंतीवर त्याच्या बापाचा फोटो होता, दाढी छातीपर्यंत. त्याच्या घराण्यात बैठकीला बसायचं तर पुरुषाला दाढी पाहिजे, नाहीतर म्हातारे त्याला पाणी आणायला पिटाळतात. म्हणून क्वाबेना दर रविवारी चर्चच्या आधी अंगणात स्टूल टाकून दाढी करायला बसायचा. वाटी, ब्रश, गळ्यात टॉवेल, तोंडभर पांढराशुभ्र फेस, आणि फेसाखाली काही नाही. सबंध चेहऱ्यावर औषधाला केस नव्हता. रोज पाणी घातलं की झाड येतं तसं घासत राहिलं की दाढी येईल असा त्याचा हिशेब होता. घासून घासून गाल मात्र वांग्यासारखे चकचकीत झाले होते. जिथे पाहिजे तिथे माळरान आणि जिथे नको तिथे जंगल, देवाचा कारभार असा आहे. मी त्याला कधी हसले नाही. टॉवेल धुवायचे आणि गप्प बसायचे.

लग्नाला वर्ष झालं असेल, एका संध्याकाळी त्याने माझा फुफूचा गोळा खाल्ला नाही. कोनफळं मी स्वतः निवडलेली, कुटून कुटून खांदे गेलेले, वर शेळीच्या मटणाचा रस्सा. त्याने ताटाकडे पाहिलं आणि म्हणाला, "पोट जड आहे."

दुसऱ्या दिवशीही पोट जड. तिसऱ्या दिवशी मला कळलं की तो स्टँडवर तांदूळ आणि तळलेले मासे खातो, आणि ते बरेच खातो. आमच्याकडे नवऱ्याने बायकोच्या हातचं खाणं सोडलं की शेजारणी एकमेकींना कोपर मारायला लागतात. मग तो जमिनीवर चटई टाकून झोपायला लागला. मग एके सकाळी माझी कोनफळं चढवताना मी व्हॅनच्या पाठीकडे पाहिलं. 'सबुरी' खरवडून काढलं होतं. तिथे ताज्या रंगात लिहिलं होतं, 'वैरी उशाशीच असतो'.

"हे काय?" मी विचारलं.

"असंच. नवीन," तो म्हणाला आणि चाकाला लाथ मारून हवा बघायला लागला.

मला वाटलं दुसरी बाई. मग घरी जाऊन ट्रंकेमागे हात घातला तर डबा नाही. म्हणजे बाई-बिई काही नाही, त्याला कळलं. त्याने डबा उघडला, केस पाहिले, आणि आता मला उतरवायला तो फक्त स्टॉपची वाट बघतोय.

विचारायचं कसं? "माझी दाढी कुठे ठेवलीस?" असं? तोही विचारत नव्हता. एका खोलीत दोन माणसं आणि मध्ये एक गैरहजर डबा.

त्यातच आपू आला. आपू म्हणजे टेचिमनचे ते मोकळ्या तोंडाचे दिवस. ज्याच्याबद्दल जे पोटात असेल ते त्याच्या तोंडावर गाण्यातून ओकायचं, राजालासुद्धा सोडायचं नाही, आणि कोणी रागवायचं नाही. पोटात ठेवलं तर जीव आजारी पडतो म्हणतात. सण संपला की तोंडं बंद. एरवी मला हा सण फार आवडतो. बाजारच्या वसुली कारकुनावर मी एकदा केलेलं गाणं लोक अजून म्हणतात. पण या वेळी आमच्या वाड्यात भजी तळणारी बिरागो माझ्याजवळ येऊन बसली. बिरागोच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणूनच आमच्या गल्लीच्या गाणाऱ्या बायकांची ती पुढारी आहे.

"फ्रेमा, तुझ्या सासूने गाणं बसवलंय."

"कोणावर?"

"माझ्यावर नाही."

"काय आहे गाण्यात?"

"मला सांगत नाही. दार लावून तालीम करते. पण केसांबद्दल काहीतरी आहे. आणि म्हणत होती, आपू झाला की रविवारी म्हाताऱ्यांना बसवते आणि लग्नातल्या दारूच्या बाटल्या परत करायला लावते." बिरागोने माझ्याकडे नीट पाहिलं. "काय केलंस गं तू?"

बाटल्या परत म्हणजे लग्न संपलं. मी हात हनुवटीवर ठेवून "हं" म्हटलं. या वेळी खरंच विचार करत होते आणि काही सुचत नव्हतं. क्वाबेनाशिवाय राहायची कल्पना केली आणि मला एकदम रडू आलं. बिरागोला वाटलं भज्यांचा धूर गेला डोळ्यांत.

आपूच्या मोठ्या दिवशी मी पहाटे इतकी हजामत केली की कातडी सोलायची तेवढी राहिली. त्यावर पावडरीचा थर दिला. बाई म्हणा, नाहीतर पीठ लावलेला मासा म्हणा. वाटलं, गाऊ दे सासूला. मी चेहरा पुढे करीन आणि म्हणीन, कुठाय दाढी? दाखवा.

पण सासूबाई सकाळी आल्याच नाहीत. सकाळी राजाची मिरवणूक, मग दुसऱ्या गल्ल्यांच्या टोळ्या, कोणी डॉक्टरांवर गातंय, कोणी गाडीभाडं वाढवणाऱ्या ड्रायव्हरांवर. आम्ही नाचतोय, ऊन डोक्यावर, घामाने पावडर चिखल होऊन गळ्यात उतरली. दुपार कलली. आणि नेमक्या त्या वेळी कोपऱ्यावरून एनो आली.

एनो म्हणजे माझी सासू. सगळी गल्ली तिला एनोच म्हणते. पाठीमागे तिच्या चर्चमधल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. तिच्या मागे, मान खाली घालून, क्वाबेना. आणि एनोच्या डोक्यावर, चुंबळीवर ठेवलेला, दुधाचा डबा.

माझा हात आपोआप हनुवटीवर गेला.

एनोने गाणं धरलं. आवाज म्हणजे फुटका भोंगा, पण गल्लीभर पोचणारा.

"कोणी कोंडलं, कोणी कोंडलं?
माझ्या लेकाचं तेज डब्यात कोणी कोंडलं?
कोनफळवालीनं, कोनफळवालीनं!
त्याच्या दाढीचे केस चोरले,
लाल दोऱ्यानं बांधले,
त्याच्याच तोंडात गुंडाळले!"

मला आधी काही कळेचना. त्याच्या दाढीचे? मग एनोने डबा खाली घेतला, पुड्या काढल्या आणि एकेक पुडी लोकांना दाखवली. आमच्या लग्नात पाहुण्यांना वाटायला आमच्या दोघांच्या फोटोचं कॅलेंडर छापलं होतं. ते जुनं झालं म्हणून मी त्याचेच कागद फाडून पुड्या बांधत होते. गुळगुळीत कागद, केस चिकटत नाहीत. आता पाहिलं तर प्रत्येक पुडीवर क्वाबेना हसत होता. वर कोनफळांच्या पोत्याचा लाल दोरा. आत ब्लेडचा तुकडा आणि सांडलेली पांढरी पावडर. मी जरी लोकांत उभी असते तरी हीच करणी म्हटलं असतं.

"टेकडीवरच्या पाद्रीला दाखवलंय मी!" एनो गाणं सोडून बोलायलाच लागली. "पाद्री म्हणाला, या माणसाचं सगळं पौरुष या डब्यात बांधून ठेवलंय! म्हणून लेकरू होत नाही! म्हणून गाडीचं इंजिन दर महिन्याला बसतं! हिच्या हातचं पाणी पिऊ नकोस म्हणाला!"

गर्दी मागे सरली. माझ्याभोवती मोकळी जागा झाली, खरूज झालेल्या शेळीभोवती होते तशी. ज्या बायकांची भांडणं मी सोडवली होती त्या पदराआडून माझ्याकडे बघत होत्या. क्षणभर मला हसू आलं. चोराच्या मनात चांदणं, मी काय समजत होते आणि हे काय निघालं! मग हसू विरलं. दाढीवाल्या बायकोला नवरा फार तर उतरवतो. करणी करणाऱ्या बाईला गाव उतरवतं, आणि पुन्हा कोणी चढू देत नाही.

"क्वाबेना," मी म्हटलं, "तुलाही असंच वाटतं?"

त्याने वर पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "केस बघ ना किती काढलेस, फ्रेमा. मला झोपेत... मला कळलंसुद्धा नाही."

मला जो राग आला तो सांगता येत नाही. वर्षभर मी उजाडायच्या आत उठत होते ते याच्यासाठी. मी डोक्याचा रुमाल सोडला, त्याने गळा पुसला, गाल पुसले, उरलासुरला पावडरीचा चिखल हनुवटीवरून खरवडून काढला आणि तशीच एनोसमोर जाऊन उभी राहिले.

"एनो, हात दे."

"शिवू नकोस मला!"

"आपू आहे. ऐकावं लागतं." मी तिचा हात धरला आणि तिचा तळवा माझ्या हनुवटीवर उलट्या बाजूने घासला. खर्रकन आवाज आला. पहिल्या ओळीतल्या लोकांनीही तो ऐकला.

एनो किंचाळली. हात झटकला. मग हात स्वतःच परत आणून, या वेळी हळूच, लावून पाहिला.

मी गाणं धरलं. तालीम नव्हती, जे तोंडाला आलं ते.

"पेरलं नाही, शिंपलं नाही,
तरी रोज सकाळी उगवतं!
एनो, तुझ्या लेकाचं नाही ते,
माझ्या हनुवटीचं पीक!
आईनं दिलं, मी कापलं,
नवऱ्याच्या भीतीनं झाकलं,
माझ्या हनुवटीचं पीक!"

मग मागून एका म्हाताऱ्याने टाळीवर टाळी मारली. "अरे, ही तर तुओबोडोमच्या टोमॅटोवालीची पोर! मला माहीत होतं, रक्त कुठे जाणार!" आणि बायकांनी ओळ उचलली. हनुवटीचं पीक, हनुवटीचं पीक. ज्या मागे सरल्या होत्या त्याच आता धक्काबुक्की करून पुढे येत होत्या. मी नाचले. हो, नाचले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दुपारच्या उन्हात माझी हनुवटी वर होती, आणि खोटं कशाला बोलू, छान वारा लागत होता.

तिथेच थांबायला हवं होतं. पण बिरागोला थांबणं माहीत नाही. तिने पुडी उचलली, केस हातावर घेतले, चालत जाऊन क्वाबेनाच्या चेहऱ्याशेजारी धरले आणि सगळ्या गल्लीला विचारलं, "अगं बायांनो, एवढं रान या अंगणातलं कसं असेल? अंड्यावर कधी गवत उगवतं का?"

हशा पिकला. आपूतला हशा वेगळाच असतो, वर्षभर दाबून ठेवलेला. पोरं ओरडली, अंडं! अंडं! टाळ्यांचा ठेका त्याच शब्दावर बसला. स्टँडवरचे ड्रायव्हर तर खाली बसून हसत होते. मीसुद्धा हसले. मग माझी नजर क्वाबेनाकडे गेली. त्याने दोन्ही तळहातांनी हनुवटी झाकली होती.

तसं हनुवटी झाकणं मला ओळखीचं होतं. गर्दीतून वाट काढत मी पोचेपर्यंत तो निघून गेला होता.

तो घरी आला नाही. व्हॅन घेऊन कुमासीला जायचा, यायचा, स्टँडवरच व्हॅनमध्ये झोपायचा. आपू संपला, तोंडं बंद झाली, पण मेकॅनिकच्या पोराने व्हॅनच्या धुळीवर बोटाने अंडं काढून ठेवलं होतं आणि क्वाबेनाने ते पुसलं नव्हतं.

एनो मात्र दुसऱ्याच सकाळी हजर. हातात जिवंत कोंबडी, माझ्यासाठी.

"पोरी, झालं गेलं विसर. पण एक सांग, एवढी दाढी, आणि तू ती जाळत होतीस? एवढा पैसा? म्हणून माझ्या लेकाचं इंजिन बसतं!"

"काल इंजिन करणीने बसत होतं."

"पाद्रीचं काय ऐकतेस, तो अजून पोरगा आहे. आजपासून ब्लेड बंद. वाढव चांगली, आईसारखी."

झालं. आगीतून फुफाट्यात. ती न्हाणीच्या दाराशी स्टूल टाकून पहारा द्यायला लागली. बाजारात बायका सौद्याआधी शकुनाला माझ्या हनुवटीला बोट लावून जायच्या. एक तर थेट वेंचीहून आली. माल खपला, नाही म्हणत नाही. पण मला ती दाढी नको होती! आधी नव्हती तशी आताही नको होती. खाजत होती. आजवर लपव म्हणून जीव खाल्ला, आता दाखव म्हणून खातायत. हनुवटी माझी, आणि तिच्यावर बैठक साऱ्या गावाची. एके दिवशी मी एनोला तिच्या स्टुलासकट उचलून अंगणात ठेवलं. बरीच जड आहे, पण माझं आयुष्य कोनफळं उचलण्यात गेलंय. मग बादली, साबण, ब्लेड, वाटी, ब्रश, सगळं घेऊन मी न्हाणीत न जाता सरळ स्टँडवर गेले.

क्वाबेना व्हॅनच्या पायरीवर बसला होता. मी शेजारी बसले. बराच वेळ दोघंही कुमासीची गाडी भरताना बघत बसलो.

"मला का नाही सांगितलंस?" तो म्हणाला.

"तू उतरवणार होतास."

"ते मी गमतीने..." तो थांबला. "बाप गेला तेव्हा म्हाताऱ्यांनी मला बैठकीतून उठवलं, माहीतय? म्हणाले, मुलाला बाहेर खेळू दे. मी तेव्हा तिशीचा होतो."

मी वाटीतला ब्रश उलटसुलट फिरवत बसले.

"डबा उघडला तेव्हा मी घाबरलो. आईकडे पळालो. पण त्याच्या आधी, फ्रेमा, अगदी आधी..." तो चाकाकडे बघत होता. "मला आनंद झाला. मला वाटलं, बापरे, एवढी येते मला. मला कळलंच नाही आणि येत होती. काळीभोर. बापासारखी."

ज्या केसांनी माझी झोप घालवली, त्या केसांवर हा माणूस काही क्षण तरी सुखी झाला होता. आणि ते सुख साऱ्या गल्लीने टाळ्या वाजवून काढून घेतलं होतं, माझ्या गाण्यामागून.

मी बादली पुढे ओढली. व्हॅनच्या आरशात बघून, स्टँडवरच्या सगळ्या ड्रायव्हरांदेखत, हनुवटीला साबण लावला आणि दाढी केली. कोणी शीळ घातली. मी ब्लेड त्या दिशेला रोखलं, शीळ बंद झाली. केस वाटीतल्या पाण्यात पडत होते. एनोच्या पहाऱ्यामुळे चांगले वाढलेले होते.

"आता तू," मी म्हटलं.

"माझी कशाची?"

"आज रविवार आहे ना? बस सरळ."

टॉवेल त्याच्या गळ्यात बांधला. ब्रशने फेस केला, भरपूर, कानापर्यंत. ड्रायव्हर बघत होते. मी ब्लेड गालावरून सावकाश फिरवलं, जिथे दाढी असते तिथे तिथे, वळणं सांभाळून, आणि दर वेळी त्याच वाटीत खळबळून धुतलं. शेवटी त्याचं तोंड पुसलं आणि वाटी त्याच्या हातात दिली, पाणी फेकायला.

तो वाटीकडे बघत राहिला. पाण्यावर केस तरंगत होते, काळेभोर, कुरळे.

मी बादली विसळत होते. त्याच्याकडे बघितलं नाही.

"आज बरीच निघाली," तो जरा मोठ्याने म्हणाला, बाकीच्या ड्रायव्हरांना ऐकू जाईल असं.

"आठवडाभर केली नाहीस," मी म्हटलं. "दुसरं काय होणार."

त्याने वाटी जपून व्हॅनच्या मागे नेली आणि कोणाच्या हाती केस लागू नयेत म्हणून पायाने माती उकरून ते पाणी तिथे पुरलं. मग येताना हाताने व्हॅनच्या पाठीवरचं अंडं पुसलं. मी घरून निघताना डब्यात फुफू घेऊन आले होते. तो पायरीवर बसला, हात धुतले आणि सगळा संपवला.